भिंत वरच्या खाचराची

लुगुबान, खालची वाडी
९ डिसेंबर

मानोंग डेल्फिन,

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी आपो लुनाग यांनी वाचलेले असेल. तशी अट आहे. वाद मध्यस्थाकडे सोपवला की दोन्ही पक्षांनी एकमेकांशी बोलायचे नाही, एकमेकांच्या घरचे खायचे नाही; जे सांगायचे ते मध्यस्थामार्फत. मी फक्त एवढेच विचारले की तोंडी निरोपाऐवजी कागद चालेल का. आपो म्हणाले, "चालेल. ह्या वयात चढ चढताना मी तुझे शब्द ध्यानात ठेवू की पाय कुठे पडतोय ते बघू? पण वाचणार मी. जे वाक्य आग लावेल ते खोडणार." तेव्हा कुठे काळी रेघ दिसली तर ती माझी नाही.

तुझ्या गेस्ट हाऊसच्या गच्चीच्या नकाशावर मी इंजिनियर म्हणून सही केली नाही, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. म्हणजे नियम तू आधीपासूनच पाळतो आहेस.

मी आपल्या आत्याच्या, इकिट पासिताच्या, वतीने लिहिते आहे, धाकटी बहीण म्हणून नाही. उत्तरात मला 'आदिंग' म्हणू नकोस.

काय झाले ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे निदान त्यावरून भांडण नको. ऑगस्टमध्ये कापणी झाल्यावर तू वडिलांच्या मोठ्या खाचरातले पाणी काढून टाकलेस आणि तिथे पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेस. आपल्या डोंगरावर खाचर कधी कोरडे ठेवत नाहीत. पीक असो नसो, पाणी असतेच. तू ठेवलेस, तीन महिने. डिसेंबर लागताच तंबू काढलेस आणि लावणीच्या तयारीसाठी पाणी पुन्हा आत घेतलेस. दोन दिवसांनी पहाटे त्या खाचराची दगडी भिंत फुटली आणि खाली इकिटच्या खाचरात कोसळली. आता इकिटचे खाचर दगडमातीखाली आहे. पाणी वरून खाली एका खाचरातून दुसऱ्यात उतरते, म्हणून त्याखालची सगळी खाचरेही सुकायला लागली आहेत.

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीने आपल्या बांधांवर पुडोंग रोवले. रुनो गवताच्या काडीच्या शेंड्याला मारलेली ती गाठ काय सांगते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते: ओलांडू नका. पाहुण्यांना कळत नाही, हे मान्य. एका बाईने तर गाठीशेजारी गाल लावून फोटो काढला आणि हसत हसत पलीकडे गेली. पण तिच्या मागे तुझा वाटाड्या बेन्हुर होता. त्याला कळते. तरी त्याने ओलांडली.

तुझे म्हणणे आपोंनी सांगितले: भिंत गांडुळांनी पोखरली, खालच्या वाडीने उगाच वाट अडवली, नाताळचे पाहुणे परत चालले, आधी वाट मोकळी करा. आमचे म्हणणे: भिंत नेहमी वरच्या खाचराची असते, म्हणजे तुझी. ती तू उभी कर आणि चूक कबूल कर.

इकिटचा तरवा वाफ्यात हिरवा झाला आहे. जानेवारी संपेपर्यंत रोपे थांबतील. त्यानंतर ती जून होतील. आपला भात वर्षातून एकदाच येतो. तोवर भिंत उभी राहिली नाही तर इकिटला आणि तिच्या खालच्यांना यंदा भात नाही. मला फक्त एवढ्याशी मतलब आहे.

आर्लिन तुगिनाय
(पासिता तुगिनाय यांच्या वतीने)

---

१६ डिसेंबर

मानोंग डेल्फिन,

तुझे उत्तर मिळाले. तू लिहीत नाहीस, आपो नक्कल करून दाखवतात. तुझा आवाज त्यांना चांगला जमतो. "तिला सांगा, इंजिनियरबाईंनी इकिटच्या चुलीपाशी बसून भिंतीची परीक्षा करू नये, खाचरात उतरावं. गांडुळं चावत नाहीत."

मी उतरले. आपोंच्या परवानगीने, तुझ्या बाजूने बेन्हुर आणि आमच्या बाजूने इकिट साक्षीला ठेवून. बेन्हुरने तुला सांगितलेच असेल, पण तो अर्धे विसरतो, म्हणून लिहिते.

आधी गांडुळांविषयी. गांडुळे आहेत. बांधाच्या कडेने त्यांची भोके आहेत आणि त्यातून पाणी झिरपते. हे तुझे खरे निघाले.

मग मी खाचराच्या मधला भाग पाहिला. चिखल वरून एकसंध दिसतो. वरचा थर काढला की खाली भेगा आहेत, माझा हात मनगटापर्यंत आत जातो एवढ्या. आणि त्या सगळीकडे नाहीत. जिथे तंबू होते तिथे खालच्या प्लास्टिकमुळे माती ओली राहिली, तिथे भेग नाही. तंबूंच्या मधल्या वाटांवर ऊन लागले, तिथे माती फाटली. चिखल काढत गेले तसा खाचरात तुझ्या तंबूंचा नकाशा उमटत गेला. बेन्हुर बघत राहिला आणि म्हणाला, "हा आठ नंबर. इथे ते जर्मन जोडपं रात्रभर भांडत होतं."

फुटलेल्या भागापुढे आम्ही मातीचा छोटा बांध घातला आणि उरलेल्या खाचरात टाचभर पाणी घेतले. नाताळच्या वड्यांसाठी इकिटने लाल रंग आणला होता, तो मी भेगांपाशी ओतला. कारण साधे आहे. पाणी चांगल्या मातीतून गाळून आले तर रंग मातीत राहतो. भेगेतून सरळ आले तर रंग घेऊन येते.

बेन्हुर खाली भिंतीच्या पायथ्याशी उभा होता. इकिट तिच्या बांधावर. थोड्या वेळाने बेन्हुर ओरडला, "आलं! आलं गं बाई, लालभडक!" इकिटने छातीवर क्रूस काढला. वरच्या वाटेवर तुझे पाहुणे उभे होते, त्यांना वाटले काही विधी चालला आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लाल पाणी आले ते भिंतीच्या अजून उभ्या असलेल्या भागाखालून. म्हणजे पडली ती अर्धीच आहे. उरलेलीही जाणार.

निष्कर्ष: गांडुळांमुळे गळती, कोरडेपणामुळे फूट. दोन्ही खरे आहे, पण भिंत दुसऱ्याने पडली. यात मी एक शब्दही जास्तीचा घातलेला नाही.

पुढचे वाक्य आपोंनी खोडले आहे. कागद उजेडासमोर धरू नकोस.

आर्लिन

---

२९ डिसेंबर

मानोंग डेल्फिन,

नाताळ झाला. चर्चमध्ये तुम्ही डाव्या बाकांवर होता, आम्ही उजव्या. पाद्रीबाबा म्हणाले, शेजाऱ्याला शांतीचा हात द्या, तेव्हा सगळ्यांनी आपापल्याच बाजूच्या माणसाचा हात हातात घेतला. मधल्या वाटेत आपो एकटे उभे होते. त्यांनी दोन्हीकडे हात पुढे केले आणि मोठ्याने म्हणाले, "घ्या लवकर, खांदे भरून आले माझे." तुझ्याशेजारी वहिनी, मानांग मिला, हसली. मी पाहिले.

आता जे लिहायचे ते आमच्या विरुद्ध जाते. तरी लिहिते.

लाल पाण्यानंतर खालची वाडी जिंकल्यासारखी वागायला लागली. आमच्या वाडीतला सिक्स्तो दारोदार सांगत फिरला, "ठरलं आता! आभाळाचा कोप नाही, त्याची चूक आहे. बद्दांग कसला? मजूर लावून बांधू दे त्याला." बद्दांग म्हणजे भिंत आपत्तीने पडली की अख्ख्या गावाने फुकट येऊन बांधायची, हे नाकारण्याइतपत आपले गाव कधी कोरडे नव्हते. पण रिवाज असाही आहे की आपत्तीला बद्दांग, चुकीला नाही. आणि चूक मीच सिद्ध करून दिली.

मी आपोंना म्हटले, "मी खरं तेच सांगितलं."

"सांगितलंस ना, छान केलंस," ते म्हणाले. "आता त्या खऱ्याला म्हणावं, ये, दगड उचल."

मला त्यांचा राग आला नाही. हिशेब मीही करून पाहिला होता. लावणीच्या आधी ज्याची त्याची माणसे एकमेकांच्या खाचरात अडकलेली असतात. मजुरीने येणारे हात या डोंगरात कुठेच मोकळे नाहीत. तू तिजोरी उघडलीस तरी नाहीत. गाव आले तरच भिंत जानेवारीत उभी राहील. गाव यायचे तर बोलावणे भिंतीच्या मालकानेच घालायचे असते. तू घालत नाहीस, कारण चुकीवर बोलावणे म्हणजे नाक घासणे. त्यांना यायचे नाही, कारण चुकीवर आले तर त्यांचे नाक कापले जाते. मधल्या मध्ये रोपे मोठी होत आहेत.

आणि त्यात परवा सिक्स्तोने ओढ्यावरच्या साकवाची फळी काढून ठेवली. पाहुण्यांनी येऊ नये म्हणून. पलीकडे पाहुणे आधीच गेलेले आहेत हे त्याने पाहिले नाही. पाऊस आला, त्यांच्यातली एक म्हातारी बाई दगडांवरून उतरायला गेली आणि मनगट मोडून घेतले. मिलाने तिचा हात बांधला, बेन्हुरने तिला पाठीवर घेतले, हे सगळे मला कळले आहे. सिक्स्तोचे वागणे चूक होते. मी त्याला इकिटच्या अंगणात सर्वांसमोर तसे सांगितले. तो म्हणाला, "तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटले, "फळीच्या." तो माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

आपो सांगतात की तू आता गावाच्या रिवाजाला कंटाळलास, शहरात जाऊन फिर्याद करणार आहेस आणि मोठे खाचर लेकासाठी न ठेवता बाहेरच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकणार आहेस. फिर्याद झाली की आपोंना बाजूला व्हावे लागेल. मध्यस्थ बाजूला झाला की आपण दोन घरे उरत नाही, दोन वैरी उरतो. त्यात तुझी मुले आणि इकिट येतात. एवढे करण्याआधी माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहा. मला थोडा विचार करायचा आहे. मी विचार न करता लिहीत नाही, हे तू जाणतोस.

आर्लिन

---

७ जानेवारी

मानोंग डेल्फिन,

तू थांबलास. आपो म्हणाले, "थांबलाय, पण बूट घालून."

आता मुद्दा.

सगळे तुझ्याकडून शब्द मागत आहेत. शब्द तू देणार नाहीस. आठवीत असताना तू गुरुजींची खिडकी फोडलीस आणि छडी खाल्लीस, पण 'चुकलो' म्हणाला नाहीस. आणि मग आठवडाभर शाळेआधी जाऊन तूच ती काच बसवलीस. म्हणून मी शब्दाशिवाय काय चालेल ते शोधले. नवे काही सुचवत नाही. आपल्यातच आहे ते.

पुडोंग आतापर्यंत खालच्या वाडीने तुझ्याविरुद्ध रोवले. तू तुझ्याच खाचराच्या चारी कोपऱ्यांवर रोव. स्वतःच्या हाताने गाठ मारून. माणूस स्वतःच्या जमिनीवर पुडोंग रोवतो तेव्हा तो एवढेच सांगतो की ही आता माझ्या राखणीत आहे, हिच्यावर कुणी पाय ठेवू नये, मीसुद्धा. ते दिसल्यावर तंबूंबद्दल कुणी काही विचारू शकत नाही. विचारणे वाईट दिसते. मी आपोंना विचारले, असे आधी झाले आहे का. ते सुपारी चघळत आठवू लागले. "माझ्या बापाच्या वेळी एकाने बैल मोकळे सोडले होते लोकांच्या रताळ्यात," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या गोठ्यावर गाठ दिसली. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी दारू प्यायला बोलावलं त्याला."

त्याआधी सिक्स्तो साकवाची फळी परत बसवेल. हे मी त्याच्याकडून वदवून घेतले आहे. कसे ते विचारू नकोस. बरे, सांगते: इकिटने त्याला सांगितले, फळी बसत नाही तोवर तुझ्या आईच्या श्राद्धाला मी येणार नाही. ती श्राद्धाचा भात रांधते. त्याने तिथल्या तिथे हातोडा मागितला.

फळी, मग गाठी, मग तुझे बोलावणे. या क्रमाने झाले तर खालची वाडी येईल. त्यांनी आपोंना तसा शब्द दिला आहे. कारण मग ती चुकीची भिंत राहत नाही, राखणीतल्या खाचराची भिंत होते.

वाटेचे. पाहुणे यावेत हे मलाही हवे आहे. वरच्या वाडीतली पोरे खाणीत आणि परदेशात जाण्याऐवजी इथे वाट दाखवतात, हे मी विसरलेले नाही. पण वाट बांधांवरून नको. पाटाच्या कडेने एक नवी वाट निघते. मी आखणी केली आहे, नकाशा सोबत जोडते. ती थोडी लांब आहे आणि तिथून दिसणारा देखावा तुझ्या गच्चीवरून दिसतो त्याहून चांगला आहे, याबद्दल क्षमस्व. वाटाडे दोन्ही वाड्यांचे, आळीपाळीने. कापणीनंतरच्या विश्रांतीच्या दिवशी गावात कुणी येणार नाही, फोटोलाही नाही. तंबू हवेच असतील तर गेस्ट हाऊसमागच्या रताळ्याच्या उतारावर. तिथे कोरडी माती चालते.

हे पत्र इथे संपवणार होते. पुढचे वाक्य मी लिहिले, आणि आपोंना म्हटले, हे खोडा. त्यांनी पेन खिशात घातले. "आग लावणारं खोडतो," म्हणाले. "हे विझवणारं आहे. राहू दे." तेव्हा ते आहे तसे आहे:

मोठा म्हणून तुला खाचर मिळाले आणि मला शाळा. शाळेसाठी पाहुण्यांच्या बॅगा पाठीवर घेऊन हा चढ तू चढलास. मला ते माहीत आहे आणि मी एकदाही म्हटलेले नाही.

आर्लिन

---

१५ जानेवारी

मानोंग डेल्फिन,

आठवडाभर काही आले नाही. आपोंना विचारले, त्याने पत्र वाचले का. "वाचलं." काय म्हणाला? "काही नाही. जेवला. दोनदा भात घेतला." मग? "मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, आपो, हा नकाशा बरोबर आहे का बघा. मी म्हटलं, मला नकाशा कळतो होय? तो म्हणाला, मलाही नाही, पण तिचं चुकत नाही."

हे तू खरेच म्हणालास की आपोंनी घातले, हे मी तपासणार नाही.

आज सकाळी मी इकिटच्या अंगणात तोंड धूत होते. ती म्हणाली, "वर बघ." धुके सुटत होते. मोठ्या खाचराच्या चारी कोपऱ्यांवर रुनो उभे होते. गाठी इथून दिसत नाहीत, पण शेंडे वाकलेले दिसतात. मग तू भिंतीच्या फुटक्या टोकावर येऊन उभा राहिलास आणि बोलावणे घातलेस. पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला. वडील जसे घालायचे तसे: नावे न घेता, वरच्या वाडीकडे एकदा आणि खालच्या वाडीकडे एकदा.

इकिट ओल्या हातांनी उभी होती. मग ओढ्याकडून हाक आली. सिक्स्तो होता. त्याने फळी काल संध्याकाळीच बसवली होती आणि आज ती हलते का पाहायला गेला होता, असे तो म्हणतो. त्याच्या हातात पहार होती. साकव पाहायला पहार लागत नाही.

आम्ही उद्यापासून येतो. आपो म्हणतात, हिदितची, म्हणजे समेटाची, मेजवानी होत नाही तोवर बोलायचे मात्र नाही. भिंत असो नसो.

आर्लिन

---

३० जानेवारी

मानोंग डेल्फिन,

हे शेवटचे पत्र. उद्या डुक्कर कापले जाईल, दोन्ही घरे एका ताटात जेवतील आणि आपो मोकळे होतील. त्यांनी मला आधीच बजावले आहे की उद्यानंतर तुमचे निरोप तुम्ही न्या, मी म्हातारा माणूस आहे.

कामाबद्दल लिहून ठेवते, कारण तू वर होतास आणि मी खाली, आणि दोघांनी वेगवेगळे पाहिले असेल.

तीन पुरुष उंचीची भिंत. आधी इकिटच्या खाचरातली दगडमाती उपसली; कमी पडलेले दगड ओढ्यातून वर येत होते, हातोहात. पाहुण्यांमधली काही उंच पोरे आपण होऊन रांगेत घुसली. बेन्हुर म्हणत होता, हा 'अनुभव' आहे, याचे तिकीट लावू. इकिटने त्याच्या डोक्यात टोपली घातली. "दगड उचलणाऱ्याकडून पैसे घेतात होय रे? त्याला जेवायला घालतात!" म्हणून मिलाने त्यांना जेवायला घातले. मनगटाला पट्टा बांधलेली म्हातारी बाई एका हाताने रताळी सोलत बसली. सिक्स्तो तिच्याजवळ गेला आणि तिच्यापुढची सोललेल्या रताळ्यांची टोपली उचलून नेली. एवढेच. ती हसली. तिला काय कळले कोण जाणे.

भेगा भरायचे माझ्याकडे होते. कोरडी माती नुसती भरून चालत नाही. खाचर पुन्हा पाण्याखाली घेऊन, पायाने तुडवून तुडवून तळ एक करावा लागतो. तुझी मुले त्यात माझ्याबरोबर नाचली. मुलांना बोलायची बंदी नव्हती. थोरलीने मला विचारले, "आंटी, तू आणि पप्पा मूक-मूक खेळताय का?" मी म्हटले हो. "कोण हरणार?" मी म्हटले, आपो.

आणि तो दगड. तो प्रसंग मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

तू वरून दगड देत होतास आणि मी रचत होते. आपण हातभर अंतरावर होतो. आपो मधे बसले होते, पाय खाली सोडून.

तू म्हणालास, "आपो, तिला सांगा, तो दगड उलटा बसवलाय."

आपो माझ्याकडे वळले. "तो म्हणतो, दगड उलटा बसवलाय."

"त्याला सांगा, रुंद बाजू आत पाहिजे. मागून मातीचा रेटा येतो."

"ती म्हणते, रेटा येतो."

"तिला सांगा, आमच्या बापाने रुंद बाजू बाहेर ठेवली होती."

"तो म्हणतो, बाप."

"त्याला सांगा, म्हणूनच पडली."

खाली रांग थांबली होती. सगळे ऐकत होते. आपोंनी तुझ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "हे मी नेणार नाही," ते म्हणाले. "हे फार वजनाचं आहे. दगड द्या इकडे." आणि सगळे हसले. सिक्स्तो सगळ्यात मोठ्याने हसला. तूही हसलास, तोंड फिरवून, पण तुझे खांदे हलताना मला दिसले.

मी दगड फिरवला नाही. जेवून परत आले तेव्हा तो फिरलेला होता. मी तो पुन्हा माझ्यासारखा केला. आज भिंतीत तो माझ्यासारखाच आहे. खालून सातव्या थरात, डावीकडे. तू पाहू शकतोस. बदलता येणार नाही, वर आता बरेच काही आहे.

काल खाचर काठोकाठ भरले. दुपारी तू वर उभा राहून लाल रंग ओतलास. मीच तसे सांगितले होते, आपोंमार्फत. मी पायथ्याशी बसले. इकिट माझ्यामागे, तिच्या मागे सगळी खालची वाडी. वर तू आणि वरची वाडी. भिंत ओली झाली, एका जागी थेंब धरला. मी बोटावर घेतला, पांढऱ्या रुमालावर टिपला. रुमाल पांढराच राहिला. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत मी पाहत होते. एकही लाल थेंब आला नाही.

मी हात वर केला. बोलायला बंदी होती, हात वर करायला नव्हती. वरून तूही केलास.

इकिटची रोपे अजून कोवळी आहेत. परवा लावणी आहे. तिने मला सांगितले, पहिली मूठ डेल्फिनने लावायची. का, असे मी विचारले नाही.

उद्या मधे कुणी नसेल. आपो त्यांच्या वाट्याचा मांसाचा तुकडा घेऊन घरी जातील आणि आपण समोरासमोर बसलेलो असू. पहिले वाक्य तुझे. मोठा तू आहेस. दगडाबद्दल असले तरी चालेल. माझे उत्तर तयार आहे.

तुझी आदिंग